विंडहोक ते कसाने आणि परत: चार मित्र, एक हायलक्स आणि साडेचार हजार किलोमीटर

आफ्रिकेत मित्रांबरोबर स्वतः गाडी चालवत फिरायचं असेल, तर पहिल्या खेपेला कैरो ते केपटाऊन डोक्यात घेऊ नका. नामिबियाची राजधानी विंडहोक इथून निघून सोसुसफ्लेचं वाळवंट, स्वाकोपमुंडचा किनारा, एटोशा राष्ट्रीय उद्यान, नामिबियाच्या ईशान्य टोकाचा झांबेझीचा पट्टा, बोत्स्वानातलं कसाने आणि माउनमार्गे पुन्हा विंडहोक हा फेरा धरा. इथे गाड्या डावीकडूनच चालतात आणि स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे असतं. मुख्य रस्ते डांबरी आहेत, बाकीचे खडीचे. अंतर साधारण 4,400 किलोमीटर, मुक्काम किमान 18 रात्री. 14 दिवसांत बसवायचा हट्ट केला तर रोज अंधारात गाडी चालवावी लागते, आणि या प्रवासात नेमकं तेच टाळायचं असतं.

संपूर्ण फेरा दोन गोष्टींवर उभा आहे: टायरमधली हवा आणि सूर्यास्ताची वेळ.

तिकीट काढण्याआधी

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. जुलैत वाळवंटातली रात्र शून्याजवळ जाते, ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडे भाजून निघायला होतं. जून अखेर ते सप्टेंबर मध्य हा काळ उत्तम, कारण पाणी आटत गेलं की एटोशातली जनावरं पाणवठ्यावर येतात. याच दिवसांत सोसुसफ्लेच्या दाराशी असलेलं सेस्रिम आणि एटोशाच्या आतले कॅम्प महिनोन् महिने आधी भरतात. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी या दोन ठिकाणांच्या तारखा मिळवा, त्यानुसार गाडी ठरवा, विमान शेवटी.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. पण एक चूक हमखास होते. या फेऱ्यात तुम्ही नामिबियात दोनदा शिरता, एकदा विमानाने आणि एकदा बोत्स्वानातून परतताना. कसानेहून व्हिक्टोरिया फॉल्स पाहून आलात तर बोत्स्वानातही दोनदा. एकाच प्रवेशाचा व्हिसा हातात असेल तर परतीच्या नाक्यावर गाडी, सामान आणि मित्रांसकट अडकाल. अर्जात 'एकाहून अधिक प्रवेश' मागा. पासपोर्टला प्रवास संपल्यावर सहा महिने शिल्लक हवेत आणि कोरी पानं भरपूर हवीत.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून निघतो, मुदत एक वर्षाची. सोबत मूळ परवाना लागतोच. जे जे चालवणार त्या सगळ्यांची नावं भाडेकरारात असली पाहिजेत. नाव नसलेल्या मित्राने दहा किलोमीटर जरी चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो.

मुंबईहून इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर यलो फीव्हरची लस घेऊन टाका. विमानतळावर किती तास थांबलात यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. दाखला आयुष्यभर चालतो. एटोशापासून उत्तरेला आणि विशेषतः झांबेझीच्या पट्ट्यात मलेरिया आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. डॉक्सिसायक्लिन घेतलीत तर परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिने कातडी उन्हाला हळवी होते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. घरी पोचल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास आधी सांगा, बाकी लक्षणं मागाहून.

पैशांचं बोलणं घरीच उरका

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत एकास एक. रँड नामिबियात चालतो, नामिबियन डॉलर मात्र बाहेर कोणी घेत नाही, तेव्हा ते देश सोडण्याआधी संपवा. बोत्स्वानात पुला. सामायिक पाकीट एकाकडे द्या. त्यातून डिझेल, कॅम्प, किराणा आणि नाक्यावरचे आकार जातील. ज्याची त्याची बीअर, सिगारेट, आठवणवस्तू वेगळ्या.

खरा कस लागतो तो अपघाताच्या खर्चात. भाड्याच्या गाडीवर विमा असला तरी ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी असतं, आणि ती रक्कम मोठी असते. ती फक्त चालवणाऱ्याने भरायची की चौघांनी? चौघांनी सारखी भरायची असं लेखी ठरवा. नाहीतर तिसऱ्या दिवसापासून खडीवर कोणी स्टिअरिंग धरायला तयार होत नाही, एकटाच माणूस दिवसभर चालवतो, थकतो आणि चुकतो. जादा पैसे देऊन ही जबाबदारी कमी करता येते, आम्ही तेच सुचवू. पण करारातले अपवाद वाचा. टायर, काचा, गाडीचं पोट, पाण्यात घातल्याने झालेलं नुकसान, रात्रीचं ड्रायव्हिंग आणि दुसऱ्या वाहनाशिवाय झालेला अपघात या गोष्टी बऱ्याचदा वगळलेल्या असतात. शेवटचा अपवाद सर्वांत महत्त्वाचा, कारण इथले बहुतेक परदेशी पाहुणे कोणाला धडकत नाहीत, स्वतःच उलटतात.

गाडी ताब्यात घेताना दोन तास काढा

चौघांसाठी टोयोटाची डबल कॅब हायलक्स पिकअप, टपावर दोन तंबू, मागे बंद हौदा. यात चार माणसं बसतात, पण चार सूटकेस बसत नाहीत. प्रत्येकी एक मऊ बॅग, बारा-चौदा किलोची. सीमेपार न्यायची तर कंपनीचं परवानगीपत्र आणि नोंदणी कागदाची प्रमाणित प्रत मागा. पत्रात बोत्स्वानाचं नाव आणि तुमच्या तारखा आहेत का ते वाचा.

मग टायर. कडेला डीओटीपुढे चार आकड्यांचा शिक्का असतो: 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना किंवा कडेला बारीक भेगा असलेला टायर बदलून मागा. स्टेपन्या दोन हव्यात, एक चालणार नाही. एक हौद्याखाली टांगलेली असते, ती खाली उतरवायचा लांब दांडा आणि त्याचं भोक कुठे आहे ते तिथेच बघा आणि खरोखर उतरवून पाहा. जॅक, त्याखाली ठेवायची फळी, चाकाचा पाना, हवा मोजायचा गेज, बॅटरीवर चालणारा कंप्रेसर, पंक्चर किट, फावडं, टो-दोर आणि धोक्याचे दोन त्रिकोण मोजून घ्या. दोन्ही तंबू उघडून बंद करा. फ्रिज चालू करून हात घाला. काचेवरच्या प्रत्येक टिचलेल्या ठिपक्याचा फोटो काढा.

कॅम्पमध्ये वीज असते तिथे आपल्या गिझरची मोठी तीन पिनांची प्लग चालते, फोनची बारीक पिन बसेलच असं नाही. घरून एक मोठ्या पिनांची एक्स्टेन्शन नेली की चौघांचे फोन मिटले.

आणि तीन लिटरचा कुकर न्या. विंडहोक समुद्रसपाटीपासून साधारण 1,650 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. मूगडाळ-तांदळाची खिचडी मात्र कुकरात तीन शिट्ट्यांत होते आणि गॅसही वाचतो. तांदूळ, डाळ, कांदे, तेल विंडहोकच्या सुपरमार्केटात मिळतं. गोडा मसाला, हिंग, कोकम बंद पाकिटातून घरून.

खडीचा रस्ता: इथे थांबून वाचा

नामिबियात 'बी' रस्ते डांबरी, 'सी' बहुतेक खडीचे, 'डी' त्याहून लहान खडीचे. कायद्याने खडीवर ताशी 100 ची मर्यादा आहे, पण गाडी भाड्याने देणारे 80 सांगतात आणि गाडीत नोंद ठेवणारं यंत्र असतं. 80 हीच कमाल धरा, वळणावर 50.

गाडी उलटते कशी ते समजून घ्या. सैल खडी म्हणजे रस्त्यावर पसरलेल्या गोट्या, टायरची पकड निम्म्यावर येते. त्यात टपावर दोन तंबूंचं वजन. रस्ता मध्ये घट्ट आणि कडेला सैल खडीचा बांध असतो. समोरून गाडी आली की आपण डावीकडे सरकतो, डावी चाकं साइडपट्टीच्या भुसभुशीत मातीत जातात आणि गाडी डावीकडे ओढते. घाबरून उजवीकडे झटका दिला की चाकं एकदम पकड घेतात, गाडी आडवी होते, उलट झटका देतो आणि दुसऱ्या झोक्यात ती लोळते. डावी चाकं खाली गेली तर ब्रेक लावू नका, स्टिअरिंग सरळ धरा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, वेग 40 च्या खाली येऊ द्या आणि मग अलगद वर घ्या. कुडू हरीण आडवं आलं तर मात्र सरळ ओळीत ब्रेक, बाजूला वळवणं नाही.

खडीवर गिअरचा नॉब एच फोरवर ठेवा, चारही चाकांना ताकद मिळून मागचा भाग घसरायचा कमी होतो. डांबरी लागलं की परत एच टू (फक्त मागच्या चाकांना ताकद), कारण कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि ताण सगळा गिअरबॉक्सवर येतो. एल फोर (चारही चाकांना ताकद, पण हळू आणि जास्त जोराची) मात्र गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्येच टाकायचा.

हवा थंड टायरमध्ये मोजा. भरलेल्या हायलक्सला डांबरावर साधारण 35 पीएसआय, खडीवर 26 ते 29, मऊ वाळूत 17-18. गाडीवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा, भार त्याला ठाऊक असतो. हवा कमी केल्याने टायर टोकदार खडीभोवती वाकतो आणि कापला जात नाही, शिवाय रस्त्यावरच्या पत्र्यासारख्या लाटांचा थरथराट कमी होतो. पण वाळूची हवा ठेवून वेगाने खडीवर निघालात तर टायरची कड तापून फाटते. कंप्रेसर इंजिन चालू ठेवून थेट बॅटरीला जोडा आणि दोन टायर झाले की त्याला थोडी विश्रांती द्या, तापला की बंद पडतो.

समोरून गाडी आली की डावीकडे घेऊन वेग कमी करा, खडे उडून काच टिचते. दिवसाही दिवे चालू. पुढच्या गाडीच्या धुळीत ओव्हरटेक नाही. धूळ हौद्यात शिरतेच, कपडे आणि पीठ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा.

पंक्चर एकदा तरी होणार. स्टिअरिंग जड वाटू लागलं किंवा मागचा भाग डुलायला लागला की लगेच थांबा. रिकाम्या टायरवर पाचशे मीटर गेलात तर तो दुरुस्तीपलीकडे जातो.

1. सपाट, घट्ट जागा, हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, पंक्चर चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. त्रिकोण मागे पन्नासेक पावलांवर.
2. चाक जमिनीवर असतानाच सहाही नट अर्धा आटा सैल करा. उचलल्यावर पाना फिरवलात तर चाकच फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरते.
3. जॅक फळीवर. मागच्या चाकासाठी अ‍ॅक्सलखाली, पुढच्यासाठी पुस्तिकेत दाखवलेल्या जागी. काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली सरकवा, जॅक निसटला तर गाडी त्यावर बसेल, हातावर नाही.
4. नवं चाक लावून नट हाताने, मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. गाडी उतरवून पुन्हा पूर्ण ताकदीने.
5. पन्नास किलोमीटरवर थांबून परत आवळा. खडीवर ते सैल पडतातच.

लहान खिळ्याचं पंक्चर असेल तर खिळा लगेच उपटू नका, त्या जागेभोवती खडूने मोठा गोल काढा. मग खिळा काढून किटमधली कानस आत-बाहेर फिरवा, चिकट दोरी सुईतून घालून अर्धी आत ढकला, सुई झटक्यात बाहेर. भांड्यांच्या साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. हे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागावर करायचं, कडेचा कापलेला टायर दोरीने टिकत नाही. पुढच्या गावात दुकान दिसताच दुरुस्त करा, दोन्ही स्टेपन्या भरलेल्या नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पे

विंडहोक ते सेस्रिम सव्वातीनशे किलोमीटर, पण पाच-सहा तास. इथे अंतर तासांत मोजायचं: खडीवर सरासरी 60, आणि नकाशातल्या वेळेत एक तृतीयांश वाढवा. सेस्रिमच्या आतल्या कॅम्पवर राहिलात तर आतलं फाटक सूर्योदयाच्या एक तास आधी उघडतं, बाहेरच्यांना सूर्योदयाची वाट पाहावी लागते. त्या एका तासासाठीच हा कॅम्प घ्यायचा. आत 60 किलोमीटर डांबरी, शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू. अनुभव नसेल तर गाडी वाहनतळावर ठेवून तिथल्या वाहनाने जा, यात कमीपणा नाही. चालवायचीच असेल तर सकाळी, वाळू थंड आणि घट्ट असताना. हवा 17-18, एच फोर, दुसरा-तिसरा गिअर, एकसारखा वेग, थांबायचं तर ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या. रुतली की चाकं फिरवू नका, प्रत्येक फेरीला गाडी अजून बसते. सगळे उतरा, चारही चाकांपुढची आणि अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याखालची (डिफरन्शियल) वाळू फावड्याने ओढा, हवा 15 वर आणा, एल फोर टाका आणि आल्या वाटेनेच मागे घ्या. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय निघू नका. सोसुसफ्लेजवळच्या डेडफ्ले या कोरड्या तळाची काळी झाडं मेलेली आहेत शेकडो वर्षांपूर्वी, कुजायला ओल नाही म्हणून उभी आहेत. त्यांना टेकूसुद्धा नका.

सॉलिटेअरमार्गे स्वाकोपमुंड 350 किलोमीटर, वाटेत कुइसेबचा घाट. स्वाकोपमुंडला दोन रात्री: कपडे, टायर, किराणा. किनाऱ्यावर धुकं आणि बोचरा गारठा असतो, वाळवंट म्हणून स्वेटर तळाशी ठेवू नका. पुढे श्पित्सकोप, ट्वायफेलफाँटेनची कोरीव शिल्पं (2007 पासून जागतिक वारसा), पाल्मवाग, कामान्याब. या भागात पंप विरळ, टाकी अर्धी झाली की भरा. भरलेली गाडी शंभर किलोमीटरला बारा-चौदा लिटर डिझेल खाते, फेऱ्याला साडेपाचशे ते सहाशे लिटर धरा. काही पंपांवर कार्ड चालत नाही, रोख ठेवा.

एटोशाला तीन रात्री, पैकी एक ओकाकुएजोला. तिथल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात, कॅम्पच्या भिंतीशी बसून काळा गेंडा पाणी पिताना दिसतो. तिथे कुजबुजही करू नका. उद्यानात 60 ची मर्यादा, गाडीतून उतरायचं नाही, सूर्यास्ताला कॅम्पची फाटकं बंद. कोल्हे आणि हनी बॅजर रात्री कॅम्पात फिरतात, कुकर, चपला आणि कचरा बाहेर ठेवू नका.

त्सुमेब, ग्रूटफाँटेन, मग बी 8 ने रुंडू. वाटेत मुरुरानीचा पशुवैद्यकीय नाका लागतो. लाळ्या-खुरकूत दक्षिणेत जाऊ नये म्हणून कच्चं मांस उत्तरेकडून दक्षिणेकडे नेऊ देत नाहीत. या कुंपणानंतर देश बदलल्यासारखा वाटतो: रस्त्याला लागून वस्त्या, शाळेतून चालत येणारी मुलं, गुरं, शेळ्या. डांबर उत्तम म्हणून वेग वाढतो आणि तिथेच घात होतो. रुंडू ते दिवुंडू 200, पुढे काटिमा मुलिलो 310 किलोमीटर, ब्वाब्वाटा उद्यानातून हत्ती रस्ता ओलांडतात. हत्ती दिसला तर शंभर मीटर मागेच थांबा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न नको. घड्याळ तेच असलं तरी पूर्वेकडे आल्याने काटिमाला सूर्य विंडहोकपेक्षा वीसेक मिनिटं आधी मावळतो. दुपारी तीननंतर नवा टप्पा सुरू करायचा नाही हा नियम इथे कामी येतो. नदीकाठच्या कॅम्पवर अंधारात पाण्याजवळ जाऊ नका, पाणघोडे रात्री चरायला वर येतात आणि मगर दिसत नाही.

पोलीस नाक्यावर पूर्ण थांबा, काच खाली, आधी 'गुड मॉर्निंग, हाऊ आर यू' आणि मग कागद. नमस्कार न करता कागद पुढे करणं इथे उद्धट समजतात.

न्गोमाला सीमा. क्रम असा: नामिबियाचं इमिग्रेशन, गाडीची नोंद, पूल, बोत्स्वानाचं इमिग्रेशन, गाडीचा परवाना आणि रस्त्याचा आकार, मग जंतुनाशकात बूट बुडवणं आणि टायर. कसानेपर्यंतचा डांबरी रस्ता चोबे उद्यानातून जातो. कसानेला गाडी सोडून एक दिवस व्हिक्टोरिया फॉल्सची सहल घ्या. गाडी झांबिया किंवा झिंबाब्वेत नेली तर तात्पुरता आयात परवाना, विमा, कार्बन कर अशी खिडक्यांची रांग लागते, एका दिवसासाठी ते नको. एप्रिलच्या सुमारास धबधब्याला सर्वांत जास्त पाणी असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो, तेव्हा झिंबाब्वेची बाजू निवडा.

परत तोच रस्ता नको. कसाने ते नाटा 300 (हत्ती इथेही), नाटा ते माउन 300, माउन ते गान्झी 290, तिथून मामुनो-बुइटेपोस सीमेवरून विंडहोक 525 किलोमीटर. माउनला दोन रात्री थांबून ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या पाण्यात मोकोरो या अरुंद होडीची फेरी घ्या. माउन-गान्झीच्या मध्ये कुकेचं पशुवैद्यकीय कुंपण आहे, तिथेही कच्चं मांस काढून घेतात, म्हणून माउनमध्ये जेवढं शिजवणार तेवढंच घ्या. शेवटची रात्र विंडहोकच्या अलीकडे गोबाबिसला काढा, म्हणजे सकाळी टाकी भरून, गाडी धुऊन, हौदा झाडून दुपारी परत देता येईल. टायर आणि काच त्यांच्या माणसासमोर तपासून सही घ्या, आणि कार्डावर अडकवलेली अनामत कधी सुटणार ते त्याच कागदावर लिहून मागा.